टोपलीत पडला चेंडू!

निफाडसारख्या द्राक्षांच्या गावी टोपलीचं कौतुक ते काय! पण टोपलीतून एक खेळ जन्माला आला, ठाऊक आहे? 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी व्यायामशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. बूड शाबूत! चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा. हाच बास्केटबॉल!

1958 मध्ये युरोपातल्या निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांची पहिली स्पर्धा झाली. उपान्त्य फेरीत रिगाच्या एएसके क्लबची गाठ रेआल माद्रिदशी होती. रिगा आज लाटव्हियाची राजधानी, तेव्हा मात्र सोव्हिएत संघात. स्पेनच्या सरकारने आपल्या खेळाडूंना तिकडे जाऊच दिलं नाही. रिगा न खेळताच अंतिम फेरीत!

फुकटचं यश म्हणता? थांबा. अंतिम फेरी दोन सामन्यांची होती. रिगाने सोफियाच्या अकॅडेमिकला 86-81 आणि 84-71 असं हरवलं. एकूण किती गुणांचा फरक? तुम्हीच काढा. 1959 आणि 1960 मध्येही करंडक त्यांचाच. त्यांचा सात फुटांहून उंच यानिस क्रूमिन्श तर विशी उलटल्यावर हा खेळ शिकला होता!

आणि माद्रिद? 1964 साली त्यांनी पहिला करंडक जिंकला, 2023 पर्यंत तब्बल 11! वाट अडली म्हणून त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही.

तेव्हा ‘आता उशीर झाला’, ‘शाळेत रिंग नाही’ या सबबी पुरे. घरच्यांना विचारून एखादी जुनी टोपली घ्या, बूड काढा आणि लागा नेम धरायला!