पाच गुंठ्यांतला बिबट्या

"लेकरं झाल्यावर जा की. आत्ता तिथं दोघंच जाऊन काय करणार?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवराबायको प्राणीसंग्रहालयं बघत फिरणार आहोत, हे आईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हे म्हणाली. ऑफिसच्या ग्रुपवर 'मालदीव सोडून माकडं' म्हणून सगळ्यांनी हसून घेतलं. शेजारच्या काकूंनी तर थेट "काही गोड बातमी आहे का?" असंच विचारलं. भिंगारमध्ये बातमी पसरायला इंटरनेट लागत नाही.

चिडण्यासारखं यात बरंच आहे, पण मला जास्त राग त्यामागच्या समजुतीचा येतो. प्राणीसंग्रहालय म्हणजे लहान मुलांची जागा, ही ती समजूत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ती मोठ्यांची जागा आहे, आणि आपण ती मुलांच्या नावावर खपवतो, कारण ते सोयीचं पडतं. मूल प्रश्न विचारतं, पण त्याला उत्तराऐवजी आइस्क्रीम देता येतं. मोठ्या माणसाला प्रश्न पडला तर त्याला तो स्वतःलाच विचारावा लागतो.

आधी आम्ही का निघालो ते सांगतो.

माझी बायको राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढली. चहूबाजूंनी ऊस. शेतीची लाईट पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. तिचे चुलते बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी घेऊन जातात. गाणी हौसेनं नाही, आवाज व्हावा म्हणून. बिबट्या तिच्या आयुष्यात पहिल्यापासून होता, पण तिनं तो कधी पाहिला नव्हता. ओल्या मातीतला ठसा पाहिला होता. शेळी ओढत नेल्याचा माग पाहिला होता. एकदा मोटारसायकलच्या उजेडात दोन डोळे चमकले होते, तेवढंच. लग्नानंतर एकदा जेवताना ती म्हणाली, "मला तो एकदा उजेडात बघायचाय. नीट. न घाबरता."

आमची सहल या वाक्यातून निघाली. आणि मी काय केलं? मी एक्सेलची शीट उघडली.

धंद्यानं सॉफ्टवेअरवाला. पुण्याचं कात्रज, मुंबईची राणीची बाग, छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आणि नागपूरचं गोरेवाडा, चारही सहा दिवसांत. अंतरं, हॉटेलं, पेट्रोल, सगळ्याचे रकाने. एका रकान्यात तर प्रत्येक प्राण्यामागे किती मिनिटं मिळतात तेही काढलं होतं. सरासरी दोन मिनिटं. मला तेव्हा ते कार्यक्षम वाटलं होतं!

पहिल्याच ठिकाणी पोहोचलो आणि दार बंद. बुधवार होता. देशातल्या मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस बंद राहावं लागतं आणि पुणे-मुंबई दोन्हीकडे तो वार बुधवार आहे. प्राण्यांनाही एक दिवस आपल्याशिवाय मिळावा, हे किती साधं आहे. माझ्या शीटमध्ये मात्र त्याला रकाना नव्हता. हॉटेलात परत आल्यावर मी एक दिवस कुठून काढता येईल ते बघायला लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला बिबट्या बघायचाच नाहीये. तुला यादी संपवायचीय."

त्या रात्री आम्ही फारसं बोललो नाही. सकाळी मी बाकीची बुकिंगं रद्द केली. काही पैसे बुडाले.

गुरुवारी आत गेलो. संग्रहालय कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाही. बिबट्याच्या आवारासमोर ती एक तास दहा मिनिटं उभी राहिली. पहिली पाच मिनिटं अविश्वासात गेली. "एवढासाच?" तिच्या डोक्यातला बिबट्या म्हशीएवढा होता. समोरचा लांबट, हलका, गावातल्या मोठ्या कुत्र्यापेक्षा थोडा थोराड. मग तिला दिसायला लागलं की तो चालतोय, पण कुठे जात नाहीये. भिंतीच्या कडेकडेनं जायचा, एका ठरावीक दगडाशी वळायचा, परत यायचा. त्याच पावलांवर. तिथली माती घासून गुळगुळीत झाली होती.

त्या तासाभरात आमच्या शेजारी किती कुटुंबं आली आणि गेली ते मोजलं नाही, पण बहुतेक एक मिनिटही थांबली नाहीत. शिट्ट्या, "ए, इकडं बघ", सेल्फी. प्राण्याला असं डिवचणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तशी पाटीही होती. एका बाबांनी मुलाला खांद्यावर घेऊन "बघ, टायगर!" म्हटलं. मुलानं विचारलं, "तो सारखा तिथंच का फिरतोय?" बाबा म्हणाले, "व्यायाम करतोय." आणि पुढे गेले.

मुलानं बरोबर प्रश्न विचारला होता. उत्तर तयार आहे, ते २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलंय. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी पिंजऱ्यातल्या मांसाहारी प्राण्यांची तुलना केली. रानात ज्या जातीचा वावर जितका मोठा, तितकी ती पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालते, असं त्यांना आढळलं. ध्रुवीय अस्वलाला संग्रहालयात मिळणारी जागा त्याच्या रानातल्या किमान वावराच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढी असते, असा त्यांचा हिशेब होता.

आपल्याकडचा हिशेबही करू. २००९च्या नियमांप्रमाणे बिबट्याच्या जोडीला उघडं आवार किमान ५०० चौरस मीटर हवं. म्हणजे पाच गुंठे. आमच्याकडे बंगल्याचा बरा प्लॉट पाच गुंठ्यांचा असतो. आता आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेतांमध्ये कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभयारण्य नाही, ऊस, वस्त्या, रस्ते, आणि चौरस किलोमीटरमागे तीनशेहून जास्त माणसं. अशा जागी शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. साधा भागाकार केला तर एका बिबट्यामागे वीस चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे दोन लाख गुंठे. (हा फक्त भागाकार आहे. खरी हद्द एकमेकांवर चढलेली असते, कमीजास्त होते.) दोन लाख आणि पाच.

२००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या कडेला पोहोचला. 'आजोबा' सिनेमा त्याच्यावरच आहे. तो बिबट्या नगर जिल्ह्यातला होता, हे इथल्या फार लोकांना माहीत नाही.

इथं काही वाचक म्हणतील, म्हणूनच आम्ही झूला जात नाही. ही भूमिका मला सगळ्यात आळशी वाटते. तुम्ही गेला नाहीत म्हणून आतला प्राणी सुटत नाही, फक्त त्याच्याकडे नीट बघणारं एक माणूस कमी होतं. आणि पिंजरा दर वेळी वाईटच असतो असंही नाही. कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे आमच्या जिल्ह्यातले तालुके माळढोकच्या अभयारण्यात होते. माळढोकच्या नावानं राखलेल्या त्या माळांवर आज तो पक्षी जवळपास दिसत नाही. त्याची पिल्लं राजस्थानात जैसलमेरजवळच्या प्रजनन केंद्रात, माणसाच्या देखरेखीखाली वाढवली जातायत. दार्जिलिंगच्या संग्रहालयानं लाल पांडा वाढवून रानात सोडलेत. हे काम कुणीतरी करायलाच हवं.

पण त्या कामाला गर्दी होत नाही. आपण गर्दी करतो पेंग्विनला आणि पांढऱ्या वाघाला. राणीच्या बागेत २०१६ साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात वातानुकूलित खोलीत, आणि लोक रांगा लावून. पांढरा वाघ तर वेगळी जातच नाही. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या एका बच्चापासून जवळच्या नात्यांत पैदास करत करत हे वाघ वाढवले गेले. अनेकांचे डोळे तिरळे असतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मेट्रिक म्हणतो, ते इथं तिकिटं आहे. जे मोजाल ते वाढतं. दोन मिनिटं थांबणाऱ्या गर्दीला दोन मिनिटांत थक्क करणारे प्राणीच आणावे लागतात. त्या मागणीत माझ्या शीटमधला तो रकानाही होता.

आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेतो. मोठं मोकळं आवार, जगभरचे रणगाडे, तासाभरात उरकतं. तिथल्या वस्तूंना भूक लागत नाही, त्यामुळे कितीही घाईत बघितलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. जिवंत प्राण्यांच्या जागेचं आपण तसंच करून टाकलंय.

आता खरं अवघड. आमच्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. ज्यांच्या घरातलं मूल गेलंय त्यांना मी भिंगारच्या फ्लॅटमध्ये बसून सहजीवन शिकवणार नाही. सासरच्या माणसांसमोर तर नाहीच. त्यांची पहिली मागणी दिवसा लाईटची आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. पण दुसरी मागणी 'पिंजरा लावा' ही असते. तिच्यामागे पुढचं वाक्य नसतं. पिंजरा लावला, बिबट्या सापडला, टेम्पोमागे गर्दी झाली, व्हिडिओ फिरला. मग?

मग दोन वाटा. एक, दुसरीकडे नेऊन सोडायचा. जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. जिथं सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले, असं अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११चा निबंध सांगतो. दुसरी वाट, जन्मभर ठेवून घ्यायचा. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे कित्येक बिबटे आहेत. ठेवून घेणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. चंद्रपूरकडून संघर्षामुळे पकडून गोरेवाड्याला आणलेले तीन वाघ डिसेंबर २०२४ मध्ये बर्ड फ्लूनं मेले, त्यांच्यासोबत एक बिबट्याही.

म्हणून म्हणतो, प्राणीसंग्रहालयात मोठ्यांनी जावं आणि विशेषतः आमच्या जिल्ह्यातल्या मोठ्यांनी जावं. आपण गावात जे मागतो त्याचा शेवट कसा दिसतो, हे तिथं तिकीट काढून बघता येतं.

सुट्टीत जोडीनं जाणार असाल तर एकच संग्रहालय घ्या, कामाच्या दिवशी, बंदचा वार बघून. प्राणी दोन-तीनच ठरवा. पाटीवर प्राणी कुठून आला ते लिहिलंय का बघा, नसेल तर राखणदाराला विचारा. ही माणसं उत्तरं छान देतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. आणि घरी आल्यावर एक काम करा. देशातल्या संग्रहालयांची वार्षिक प्राणीगणना केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. वर्षाच्या सुरुवातीला किती, जन्म किती, आले किती, गेले किती, मृत्यू किती, शेवटी किती. गोदामाच्या स्टॉक रजिस्टरसारखे रकाने. आम्ही दोघांनी एका रात्री ती फाईल बसून वाचली. माझ्या शीटपेक्षा ती फार लहान होती आणि फार कठीण. मृत्यूच्या रकान्यात एखादा आकडा मोठा दिसला तर महापालिकेला माहितीच्या अधिकारात कारण विचारता येतं. पाच वर्षांचं मूल हा अर्ज करू शकत नाही.

परत आल्यावर चुलत सासऱ्यांचा फोन आला. वस्तीजवळ वासरू गेलं होतं, वन खात्यानं पिंजरा लावला होता, आत शेळी बांधली होती. "तुम्ही बघितला म्हणे झूमध्ये? केवढाय?"

"एवढासाच आहे, काका," ती म्हणाली. "सापडला तर कुठं नेणारेत ते विचारलं का त्यांना?"

"ते कशाला विचारायचं?"

"मी विचारते. नंबर द्या मला त्यांचा."

काकांनी नंबर पाठवला. तिनं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेतूनच फोन लावला. उत्तर आलं, वरून आदेश आल्यावर ठरेल. तिनं विचारलं, वरून म्हणजे कोण, आणि त्यांचा नंबर काय.