बिननावाची सिरिंज

शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक सर्जनची चौकशी करतात, भूल कोण देणार ते विचारतात, खर्चाचा आकडा तर विचारतातच. सर्जनच्या हातात औषध कोण देतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाशेजारी निर्जंतुक ट्रॉली असते. तिच्यावर हत्यारांबरोबर औषधेही असतात. जागा बधिर करणारे लिग्नोकेन, रक्तस्राव कमी करणारे अ‍ॅड्रिनॅलिन, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, जखम धुण्याचे सलाइन. सगळी दिसायला पाण्यासारखी! औषधाची बाटली बाहेरून निर्जंतुक नसते, म्हणून तिच्यातले औषध ट्रॉलीवरच्या वाटीत ओततात किंवा सिरिंजमध्ये भरतात. नाव बाटलीवरच राहते. कोणत्या वाटीत काय, हे ध्यानात ठेवायचे काम ओटी असिस्टंटवर पडते.

ध्यानात ठेवण्यावर विसंबले की काय होते, पाहा. १९९५ साली अमेरिकेत फ्लोरिडातील स्टुअर्ट गावी सात वर्षांच्या मुलाच्या कानाची शस्त्रक्रिया होती. टोचायच्या औषधात अ‍ॅड्रिनॅलिन एक लाखात एक भाग हवे होते. सिरिंजमध्ये भरले गेले ते फक्त वरून लावण्यासाठी ठेवलेले, एक हजारात एक भाग, म्हणजे शंभरपट तीव्र. मुलगा दगावला. २००४ साली सिएटल शहरातल्या नामांकित रुग्णालयात एका महिलेला तपासणीच्या द्रवाऐवजी त्वचा निर्जंतुक करणारे क्लोरहेक्सिडिन टोचले गेले. तीही वाचली नाही. दोन्ही रुग्णालयांनी चूक उघडपणे कबूल केली. तिथे साधनांची वा शिक्षणाची वाण नव्हती. वाटीवर चिठ्ठी नव्हती, एवढेच.

'इतकी वर्षे करतोय, मला पाहून कळते,' असे अनुभवी असिस्टंट म्हणतात. पाहून कोणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही.

उपाय साधा आहे. औषध काढताक्षणी वाटीवर व सिरिंजवर नाव आणि तीव्रता लिहावी. एकाचे झाल्यावरच दुसरे भरावे. बाटलीवरचे नाव, तीव्रता व मुदत दोघांनी मोठ्याने वाचावी. सर्जनच्या हाती देताना नाव उच्चारावे. मध्येच माणूस बदलला, तर सगळे पुन्हा तपासावे. रिकाम्या बाटल्या शस्त्रक्रिया संपेपर्यंत टाकू नयेत. आणि बिननावाचे औषध कितीही महाग असो, फेकून द्यावे.

आपल्याकडच्या लहान नर्सिंग होममध्ये अनेक मुले पाहून पाहूनच हे काम शिकतात. थिएटर तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला शिस्त लावणारा केंद्रीय कायदा २०२१ साली झाला, ही चांगली गोष्ट. पण चिठ्ठी लावायला कायद्याची वाट पाहायला नको. आणि चूक झालीच, तर त्या मुलाला घरी पाठवून प्रश्न सुटत नाही. चिठ्ठ्या व पेन पुरवणे, आणि घाईतही लिहायला वेळ देणे, हे रुग्णालय चालवणाऱ्या आम्हा डॉक्टरांचे काम आहे.

वाचकहो, आपल्या हातीही थोडे आहे. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, हे कागदावर लिहून द्या. आणि सर्जनला शांतपणे विचारा, 'डॉक्टरसाहेब, तुमच्या थिएटरमध्ये सिरिंजवर नाव लिहितात ना?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.