हुकूमशहा कोणाला म्हणायचं?

संपादक महोदय,


निवडणूक आली की आमच्या भागात 'हुकूमशहा' हा शब्द स्वस्त होतो. सरपंच असो, कारखान्याचा अध्यक्ष असो, ऐकत नाही तो हुकूमशहा. आणि त्याच पारावर, "या देशाला एक चांगला हुकूमशहाच पायजे, मग बघा लोक कसे सुतासारखे सरळ येतात," असंही ऐकू येतं. दोन्हींमागे समज एकच : हुकूमशाही हा माणसाचा स्वभाव. माझा आक्षेप या समजाला आहे.

कडेगावकरांना दाखल्यासाठी लांब जायला नको. शेजारच्या पलूस तालुक्यातलं कुंडल औंध संस्थानात होतं. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रसारक होते. किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलचा माळ त्यांनीच दिला. जुलमी म्हणून त्यांची ओळख नाही. तरीही कायदा त्यांचा, खजिना त्यांचा, आणि त्यांना जाब विचारायची कायदेशीर सोय प्रजेकडे नव्हती. वर इंग्रज होते, पण रयतेला त्याचा काय उपयोग! गांधीजींचा सल्ला आणि अभियंते मॉरिस फ्रीडमन व पुत्र अप्पासाहेब यांची साथ घेऊन या राजाने २१ जानेवारी १९३९ रोजी घटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. राजाचा स्वभाव आदल्या दिवशी होता तोच दुसऱ्या दिवशी होता. बदलला तो अधिकार.

आता उलट उदाहरण. आमच्या तालुक्यातल्या एका ग्रामसभेत गटारीच्या कामावरून वाद झाला. एकजण उठून "ही हुकूमशाही आहे" म्हणाला. ग्रामसेवकाने त्याची हरकत इतिवृत्तात लिहून घेतली, पुढच्या सभेत ती वाचलीही गेली. सरपंच हेकट असेल, त्याचं काम वाईटही असेल. पण जिथे हरकत वहीत चढते आणि पाच वर्षांनी मत मागावं लागतं, तिथे हा शब्द लागू होत नाही. त्याला हेकट म्हणा, मनमानी करणारा म्हणा; मराठीत शब्दांना तोटा नाही.

नुसतं निवडून येणंही पुरेसं नाही. आणीबाणीत सरकार निवडून आलेलंच होतं. पण बातम्या छापण्याआधी तपासल्या जात, माणसं खटल्याविना तुरुंगात होती. तेव्हा लोकांनी 'हुकूमशाही' हा शब्द वापरला, तो योग्यच होता.

म्हणून आपल्या बातमीदारांना विनंती : मथळ्यात 'हुकूमशाही' लिहिण्याआधी कोणाचा कोणता हक्क काढून घेतला, हे बातमीत सांगा. ते सांगता येत नसेल तर शब्द बदला.

— एक वाचक, कडेगाव (जि. सांगली)