आधी मकाव, मग प्रजासत्ताक

पेरूतून फुटून निघालेले, चिन्यांनी घडवलेले एक प्रजासत्ताक! जर-तरच्या इतिहासाची ही कल्पना ऐकायला झकास आहे. पण मंडळी, ते चिनी तिथे पोचले कसे, हे कोण सांगणार?

1849 ते 1874 या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर पेरूत नेले गेले. आठ वर्षांचा करार, काम ग्वानो उपसण्याचे नाहीतर उसाच्या मळ्यात राबण्याचे. जवळजवळ सगळे पुरुषच. ना कुटुंब, ना जमीन. राष्ट्र उभारणार कशावर? 1880 साली चिलीच्या सैन्याने मळ्यांतले मजूर सोडवले, तेव्हा कित्येकजण त्याच सैन्यामागे गेले. त्यांना आधी करारातून सुटका हवी होती. 1881 साली लिमात चिन्यांची दुकाने लुटली गेली, माणसे मारली गेली.

आणि या व्यापाराचे मुख्य बंदर कुठले? पोर्तुगीजांचे मकाव! 1844 पर्यंत त्याचा कारभार आपल्या गोव्याच्याच अखत्यारीत होता. पोर्तुगीजांनी संस्कृती दिली म्हणून गळे काढणाऱ्या गोंयकारांनी हेही पान वाचावे.

काल्पनिक राष्ट्राध्यक्ष खुशाल रंगवा. फक्त पहिले प्रकरण मकावच्या धक्क्यावर सुरू करा.