कुंभात मोजायचे किती, ओळखायचे किती?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, तर पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी होणार आहे. या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख येते, तिची चर्चा मात्र फारशी नाही. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यास लागू व्हायच्या आहेत. याचा अर्थ, या कायद्याची पहिली मोठी परीक्षा एखाद्या बँकेत किंवा मोबाइल कंपनीत न होता गोदाघाटावर होण्याची शक्यता आहे.

कुंभात माहिती गोळा होणार, यात वाद नाही. गर्दीवर नजर ठेवणारे कॅमेरे, ड्रोन, तात्पुरत्या दवाखान्यांतील संगणकीय नोंदी, मदतीची अॅप हे सारे आता मोठ्या मेळ्यांचा भाग झाले आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते आणि त्यातल्या काहींना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड होती. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारने त्यात ३० मृत्यू झाल्याचे जाहीर केले. जास्त माहिती म्हणजे जास्त सुरक्षा, हे समीकरण इतके सरळ नाही. मोजायचे कशासाठी आणि मोजलेले कोणाच्या हाती, किती वेळात पडते, यावर ते अवलंबून असते.

या बाबतीत नाशिकला स्वतःचा अनुभव आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी येथील कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. त्यानंतरच्या, २०१५ च्या कुंभाआधी अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम नाशिकमध्ये सुरू झाला. रासकर मूळचे नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. संगणकाला 'बघायला' शिकवणे हा त्यांच्या संशोधनाचा विषय. या उपक्रमातून पुढे आलेल्या प्रयोगांपैकी एक होता 'आशिओतो'. नीलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सहकारी यांनी दाब ओळखणारी एक चटई तयार केली. वाटेवर ती अंथरायची, तिच्यावरून किती पावले गेली ते मोजायचे आणि आकडा नियंत्रण कक्षाला पाठवायचा, एवढेच तिचे काम. जपानी भाषेत आशिओतो म्हणजे पावलांचा आवाज.

२०१५ चा नाशिकचा कुंभ चेंगराचेंगरीविना पार पडला. त्याचे श्रेय एका चटईला देणे योग्य होणार नाही. त्यामागे पोलीस, प्रशासन आणि स्वयंसेवकांचे नियोजन होते. पण चटईतला विचार महत्त्वाचा आहे. वाट तुंबते आहे का, हे कळायला चालणाऱ्याचे नाव, चेहरा, फोन नंबर यांतले काहीच लागत नाही. ही माहिती चटईकडे नव्हतीच, त्यामुळे ती चोरीला जाण्याचा, विकली जाण्याचा किंवा पुढे भलत्याच कामाला वापरली जाण्याचा प्रश्न आला नाही. मोजणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यासाठी दुसरी लागतेच असे नाही.

हाच मुद्दा करोनाच्या साथीत जगभर वादाचा झाला. मार्च २०२० मध्ये रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध करून संपर्क शोधणाऱ्या अॅपमधून नागरिकांवर पाळत ठेवली जाण्याचा धोका मांडला आणि 'सेफ पाथ्स' हा पर्याय पुढे केला. व्यक्ती कुठे कुठे गेली, याची नोंद तिच्याच फोनमध्ये राहावी, ती मध्यवर्ती सर्व्हरवर जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. भारतात २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या आरोग्य सेतूची रचना वेगळी होती. ब्लूटूथबरोबर ते फोनचे ठिकाणही वापरत असे आणि ठरावीक परिस्थितीत माहिती सरकारी सर्व्हरवर जात असे. मे महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने ते कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले, तेव्हा त्या सक्तीला कोणत्याही कायद्याचा आधार नसल्याची टीका निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली होती. माहिती संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा त्यांच्याच समितीने तयार केला होता.

खासगीपणा जपला तर साथ आटोक्यात येत नाही, असा युक्तिवाद तेव्हा झाला. ब्रिटनच्या अनुभवाने तो बराचसा खोडून काढला. तिथल्या आरोग्य यंत्रणेने आधी मध्यवर्ती साठ्याचे अॅप करून पाहिले, जून २०२० मध्ये ते सोडून दिले आणि माहिती फोनमध्येच ठेवणारे अॅप आणले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात त्या अॅपमुळे सुमारे २ लाख ८४ हजार ते ५ लाख ९४ हजार रुग्ण टळले असावेत, असा अंदाज 'नेचर' या नियतकालिकातील २०२१ च्या अभ्यासाने मांडला. उलट सिंगापूरमध्ये अॅपची माहिती फक्त साथीसाठी वापरू, असे आधी सांगितले गेले. जानेवारी २०२१ मध्ये ती पोलिसांनाही गुन्ह्याच्या तपासासाठी मिळू शकते, असे सरकारला मान्य करावे लागले. लोकांच्या नाराजीनंतर गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घालणारा कायदा करण्यात आला. साठा एकदा तयार झाला की त्याचे नवे उपयोग सुचतच राहतात.

अर्थात प्रत्येक वेळी नावाविना भागते, असे म्हणणेही चूक ठरेल. प्रयागच्या २०१३ च्या कुंभात हार्वर्डच्या संशोधकांनी मेळ्यातील रुग्णालयांच्या कागदी नोंदी टॅबलेटवर घेऊन रोजच्या रोज आजारांचा कल पाहिला. कोणत्या सेक्टरमध्ये जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, हे कळायला वयोगट, लक्षण, ठिकाण आणि वेळ पुरते. कॉलऱ्याची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात, तोवर बरेच भाविक मेळ्यातच असतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए ची कावीळ मात्र साधारण चार आठवड्यांनी दिसते. तोवर भाविक बिहारला किंवा विदर्भातल्या आपल्या गावी पोहोचलेला असतो. सन २००० च्या हज यात्रेनंतर मेंदूज्वराच्या एका प्रकाराचे रुग्ण सौदी अरेबियाबरोबर युरोपातही आढळले होते. अशा वेळी संपर्कासाठी काही लोकांचा फोन नंबर हवाच. प्रश्न इतकाच, की तो सगळ्यांचा घ्यायचा की निवडक रुग्णांचा, आणि किती दिवस ठेवायचा.

इथे कायदा काय सांगतो? जिवाला धोका असलेली वैद्यकीय आणीबाणी, साथ किंवा सार्वजनिक आरोग्यावरील संकट यांत उपचारासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कलम ७ देते. ते रास्तच आहे. बेशुद्ध रुग्णाकडून संमती कोण घेणार? माहितीची सुरक्षा राखण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विनाविलंब कळवायचे आणि ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला तपशील द्यायचा, असे नियम सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली आणि कित्येक दिवस कामकाज हाताने कागदावर करावे लागले, हे आठवले तर अशा तरतुदींची गरज पटते.

पण आरोग्याच्या दृष्टीने या कायद्यात तीन मोठ्या फटी आहेत. पहिली म्हणजे २०१९ च्या विधेयकात आरोग्यविषयक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता, तो २०२३ च्या कायद्यात नाही. मधुमेहाचा अहवाल आणि किराणा दुकानाच्या यादीतले नाव कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत आहेत. दुसरी फट भरपाईची. आरोग्याच्या माहितीबाबत हलगर्जी होऊन नुकसान झाले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली कंपनीकडे भरपाई मागता येत असे. नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदींबरोबरच ते कलम रद्द होईल. दंड सरकारजमा होईल, रुग्णाच्या हाती काही येणार नाही. तिसरी फट सर्वांत रुंद आहे. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या शासकीय यंत्रणेला कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकते. कुंभासारख्या मेळ्यात गर्दी, सुव्यवस्था आणि आरोग्य यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात. आरोग्यासाठी घेतलेली नोंद सुव्यवस्थेच्या कपाटात कधी जाईल, हे भाविकाला कळणारही नाही.

'आम्ही नावे काढून टाकू' हे आश्वासनही पुरेसे नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या गेल्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी वीस डॉलरला मिळणारी केंब्रिज शहराची मतदारयादी त्याशेजारी ठेवली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून थेट राज्याच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. कुंभात तर हे आणखी सोपे आहे. अमुक आखाडा, वय ७४, तमुक जिल्हा, एवढ्यावरूनही माणूस ओळखू येऊ शकतो. निनावी माहितीतून माणूस पुन्हा हुडकणे हा २०१९ च्या विधेयकात गुन्हा होता. सध्याच्या कायद्यात ती तरतूद नाही.

हे सगळे केवळ वकिलांच्या चर्चेचे विषय नाहीत; त्यांचा थेट परिणाम आजारावर होतो. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये घरोघरी झडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. साथ हाताळण्याची यंत्रणा हीच भीतीचे कारण झाली, आणि लपवलेला रुग्ण साथीला खतपाणी घालतो. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आजही लागू आहे. याउलट एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याला थेट कायदेशीर संरक्षण देतो, कारण गुप्ततेची खात्री नसेल तर लोक तपासणीलाच येत नाहीत, हा त्यामागचा अनुभव आहे. मेळ्यातील दवाखान्यात जुलाबाची तक्रार सांगणाऱ्या बाईला 'आपले नाव पोलिसांकडे जाईल, मग राहुटी रिकामी करायला लावतील' अशी शंका आली, तर ती औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन गप्प बसेल. मग सर्वांत महाग संगणक प्रणालीलाही त्या सेक्टरमधली साथ दिसणार नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त ते आधी ठरवावे लागतात. मोजणीची वही आणि संपर्काची वही वेगळी ठेवता येते. पहिलीत नावे नसावीत आणि तिचे आकडे रोज जाहीर व्हावेत. दुसरीत पाठपुरावा लागणाऱ्या रुग्णांपुरतेच संपर्क असावेत, ती फक्त आरोग्य विभागाकडे असावी आणि नष्ट करण्याची तारीख आधीच छापलेली असावी. कावीळ दिसण्याचा काळ धरला तरी काही महिने पुरतात. रुग्णालयांना एकत्र विश्लेषण हवे असेल, तर रासकर यांच्या गटाने विकसित केलेल्या 'स्प्लिट लर्निंग'सारख्या पद्धती आहेत. त्यात मूळ नोंदी रुग्णालयातच राहतात आणि बाहेर जातो तो गणिताचा अर्धवट निष्कर्ष. आभा क्रमांक योजनेनुसार ऐच्छिक आहे. तो नसला तरी उपचार मिळतील, हे प्रत्येक दवाखान्याच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लिहायला खर्च येत नाही.

हे पाळले जाते की नाही, हे यंत्रणेबाहेरच्या कोणीतरी तपासायला हवे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. कुंभमेळा प्राधिकरणाने विद्यापीठाकडे अशा तपासणीचे काम सोपवले आणि कोणती माहिती घेणार, कोणाला देणार, कधी पुसणार याचा एक पानी खुलासा ध्वजारोहणाआधी जाहीर केला, तर कायद्यातल्या फटी तात्पुरत्या तरी बुजतील. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही. कॅमेरे आणि सर्व्हर यांच्या निविदा निघून करार झाले, की मग काय गोळा करू नये हे ठरवण्याची वेळ निघून गेलेली असते.