आरशासाठीं उपास

गेल्या महिन्यांत ओझर येथें एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाल्यापासून या गांवीं नोकरदार कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांपैकींच हें एक. पानें मांडलीं, सर्व मंडळी बसली. पण घरची १९ वर्षांची कन्या मात्र आली नाहीं. ‘तिचें दीक्षित चालूं आहे,’ असें तिच्या काकूंनीं कौतुकानें सांगितलें.

दिवसांतून दोनदांच, आणि प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत आज महाराष्ट्रांत पुष्कळांस ठाऊक आहे. स्थूलता व मधुमेह टाळणें हा तिचा हेतु. या मुलीस दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. उंची ५ फूट २ इंच, वजन ५२ किलो. म्हणजे उंचीच्या मानानें अगदीं योग्य. शिवाय दोन जेवणांचें तिनें एकच केलें होतें, आणि तें मात्र त्या पद्धतींतही बसत नाहीं!

मग हा उपास कशासाठीं? पुष्कळ आग्रह केल्यावर तिनें सांगितलें. चुलत बहिणीच्या लग्नांतील छायाचित्रें पाहतांना घरांतीलच कोणी हंसत म्हणालें होतें, ‘हिच्यासाठीं आतां दार रुंद करावें लागणार!’ बोलणारे विसरले. ती विसरली नाहीं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या रक्तांत कमतरता आढळली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरतें, स्त्रीस २९ लागतें. म्हणजे जिची गरज भावाहून अधिक, तिच्याच पानांत आपण तूट येऊं देतों, आणि वर तिच्या निग्रहाचें कौतुक करतों!

वजन कमी करणें वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. वैद्यांनीं सांगितल्यास तें अवश्य करावें. आणि मग एकट्या मुलीनें नव्हे, तर साऱ्या घरानें तळण व गोड आंवरावें. परंतु प्रकृतीसाठीं पाळलेलें पथ्य माणसास सुख देतें; लाजेपोटीं केलेला उपास कधीं पुरा होत नाहीं, कारण आरशाचें समाधान होत नसतें.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे : मुलगी पानावर आली नाहीं, तर तिचें कौतुक करण्यापूर्वीं आपण काय बोललों होतों, तें आठवून पाहावें.