आमचं पाणी, त्यांचा हौद

दुष्काळावर बोलायचं तर ते पंचतारांकित हाटेलातच बोललं पाहिजे, असा अलीकडं नियमच झालाय. त्या नियमानं मलाही औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दोन रात्री तसल्या हाटेलात काढाव्या लागल्या. गादी मऊ होती, जेवण चांगलं होतं, माणसं अदबशीर होती. तक्रार त्याची नाही. शेतकऱ्याच्या पोरानं मऊ गादीवर झोपूच नये, असं मी म्हणणार नाही. झोपावं, खुशाल झोपावं. माझं भांडण पाण्यावरून आहे.

न्हाणीत एक कार्ड लावलेलं होतं. टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी वाचवा. आणि खिडकीचा पडदा सारला की खाली निळाशार हौद. दिवसभरात त्यात चार माणसं उतरलेली पाहिली. हौदाभोवती हिरवळ, तिच्यावर ऐन वैशाखाच्या दुपारी फवारे चाललेले. आमच्याकडं भर उन्हात पाणी देणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. निम्मं पाणी ऊनच पिऊन जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

हे पाणी जायकवाडीचं. १९६५ साली धरणाचं काम सुरू झालं, १९७६ साली ते पुरं झालं. गोदाकाठची काळी कसदार जमीन, वाडे, पार, देवळं नाथसागराच्या पोटात गेली. आमचं गावही गेलं. वडलांनी मिळाला तो मोबदला घेतला आणि वर माळावर चार पत्रे उभे केले. त्या माळावर आजही उन्हाळ्यात टँकरच्या वाटंकडं डोळे लावून घागरींची रांग बसते. ज्यांनी जमिनी दिल्या ते कोरडे, आणि तेच पाणी पन्नासेक किलोमीटर चढवून नेऊन दुपारच्या हिरवळीवर उडवायचं, ह्याला काय म्हणायचं?

बरं, शहराला तरी ते मिळतं का? खोली आवरायला येणारा पोरगा पैठणकडचाच निघाला. आधी 'सर, सर' करत होता, गावाचं नाव निघालं तसा 'काका'वर आला.

"खोलीवर पाणी कवा येतं रे तुझ्या?"

"आठा दिसाला, काका. कवा धा बी लागत्यात. ड्रम भरून ठेवायचे."

"आन् इथं?"

तो नुसता हसला. "इथला नळ कवाच बंद नसतो."

या शहराला पाण्याची अक्कल नव्हती, असंही नाही. १६१० साली मलिक अंबरनं खडकी वसवली आणि डोंगराच्या कुशीत झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर, वस्तीत आणलं. ना मोट, ना इंजन. ते हौदाहौदांत पडायचं आणि लोक भरून न्यायचे. पुढं पाणचक्कीला हर्सूलकडून असंच पाणी आलं. त्यानं जातं फिरायचं, दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं दळण व्हायचं. जातं फिरवून तेच पाणी समोरच्या हौदात पडायचं. वाटसरूची सोय अशी करतात.

हाटेलाच्या दिवाणखान्यात मात्र मकबऱ्याच्या कमानींची नक्कल होती. पाहुण्यांना थंड गाडीत घालून वेरूळ-अजिंठ्याला नेतात आणि परस्पर परत आणतात. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवायचं, पण त्यातले किती पडले, नहरीवर कुणी घरं बांधली, हे बघायला गावात शिरायचं नाही. शहराचं नाव विकायचं आणि शहराकडं पाठ करून बसायचं. वर रात्रीच्या जेवणात 'गावरान थाळी'! पिठलं-भाकरी आमची, दुष्काळही आमचा, पैसे यांचे.

कुणी म्हणेल, "अहो, पोरांना काम मिळतं की." मिळतं, नाही कोण म्हणतं? त्या पोराच्या पगारावर घरी चूल पेटते. पण पगार देतो म्हणून पाण्यावर पहिला हक्क सांगता येत नाही. सरकारच्या जलनीतीतही पिण्याचं पाणी पहिलं आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते याच मराठवाड्यात. इतक्या लवकर विसरलो?

मागणं फार मोठं नाही. हिरवळीला वापरून शुद्ध केलेलं सांडपाणी घाला. टँकर सुरू झाले की पोहण्याचा हौद कोरडा ठेवा. पाहुणे त्यानं मरत नाहीत. दर महिन्याला किती पाणी घेतलं, त्याचा आकडा दारावर लावा. आणि न्हाणीत कार्ड लावायचंच असेल, तर हे पाणी कुणाच्या बुडालेल्या शेतावरून आलंय, तेही त्यावर लिहा.